आईच्या पर्समधलं कार्ड

आबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सव्वादहा वाजता मी बँकेत हजर होतो. माझ्याआधी फक्त दोन पेन्शनर होते. त्यांतल्या एकाने मला ओळखलं आणि आबांबद्दल विचारलं, वैजनाथराव आज नाही आले? मी म्हटलं, नाही आले. तेवढ्यात त्यांचा नंबर लागला, म्हणून पुढचं सांगायची वेळ आली नाही.

बाप दवाखान्याच्या शीतपेटीत असताना पोरगा बँकेत कसला जातो, असं कुणीही म्हणेल. धोंडिबाकाकांनी तर ते माझ्या तोंडावर म्हटलं. पण ज्याने आबांबरोबर आठवडाभर काढला असेल त्याला यात नवल वाटणार नाही. आबा एकतीस वर्षं कोषागारात पेन्शनच्या टेबलावर होते. मेलेल्या माणसाची पेन्शन वर्षानुवर्षं उचलणारी घरं त्यांनी पाहिली होती आणि रोज रात्री जेवताना ती एकेक करून आमच्या ताटात वाढली होती. अमक्याच्या विधवेने दीड वर्ष उचलली, तमक्याच्या मुलाने अंगठा कसा जुळवला. इतरांच्या घरी भुताच्या गोष्टी सांगत असतील, आमच्याकडे ह्या.

त्यांच्या कपाटात एक फाइल होती. वर टपोऱ्या अक्षरात 'नंतर' एवढंच लिहिलेलं. आत एक कागद आणि त्यावर चौदा मुद्दे. पहिला मुद्दा: माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी बँकेला लेखी कळवावे, पोच घ्यावी. मग गॅस, वीज, सोसायटी. अंत्यविधी नवव्या क्रमांकावर होता: पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, भाषणे नकोत. माणूस कसा होता ते क्रमांकावरूनच ओळखा.

आईला कळवावे असा मुद्दा त्या चौदात नव्हता. ती शेजारीच असणार हे त्यांनी धरून ठेवलेलं. आणि आई श्रीलंकेत होती.

विश्रांतवाडीतल्या आमच्या विहारातल्या बावीसजणांची ही सहल. अनुराधापूरचा बोधिवृक्ष, कँडी, कोलंबो, असं दहा दिवसांचं. इंद्रजीत नावाचा एक तरुण दरवर्षी अशी सहल काढतो. आबा गुडघ्यांमुळे गेले नाहीत, शिवाय दुधाचं आणि पेपरचं कोण बघणार, असंही म्हणाले. आईकडे स्वतःचं कार्ड कधीच नव्हतं. म्हणून त्यांनी आपलं कार्ड तिला दिलं. आधी शाखेत जाऊन ते परदेशात चालेल असं करून घेतलं, फॉर्मची झेरॉक्स ठेवली, आणि आळंदी रोडच्या एटीएममध्ये तिच्याकडून तीन वेळा पाचशे रुपये काढवून घेतले. पिन कागदावर लिहायचा नाही, असा दम दिला. खातं आबांच्या एकट्याच्या नावावर होतं, आई वारस म्हणून लावलेली.

शनिवारी दुपारी तिने अनुराधापुरात पहिल्यांदा पैसे काढले. मेसेज आबांच्या मोबाईलवर आला. त्यांनी तो आम्हा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, दोन हजार आठशे एक्केचाळीस रुपये, आणि म्हणाले, जमलं हिला. संध्याकाळी तिचा फोन आल्यावर मात्र त्यांनी एवढंच विचारलं की पावती घेतली का.

रविवारी पहाटे साडेचारला ते गेले. बाथरूमला उठले होते, परत पलंगापर्यंत आले नाहीत. दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी जे करायचं ते पाच मिनिटं करून पाहिलं. मला रडू आलं नाही. माझी बायको तनुजा रडत होती आणि मी तिच्या हातातली पिशवी धरून उभा होतो. पिशवीत आबांचा चष्मा, मोबाईल आणि विम्याची कागदपत्रं. चाकणला एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे, गिअर मोजतो. दिवसभर मोजमाप करणाऱ्या माणसाला असं काही घडलं की हात मोकळे ठेवता येत नाहीत, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

आईला फोनवर सांगायचं नाही, हे मी ठरवलं. मीच ठरवलं, उगाच तनुजाचं नाव घेत नाही. परक्या मुलखात, हॉटेलच्या खोलीत, बावीस माणसांत का होईना पण एकटीच, तिने हे ऐकायचं नाही. ती पुण्यात उतरेल, लोहगाव विमानतळाच्या दारातून बाहेर येईल, मी तिचा हात धरीन आणि मग सांगेन. मला एवढं एकच काम नीट करायचं होतं. बाकी आबा गेले होते, त्यात माझ्या करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मी तिला म्हटलं की आबांचं बीपी वाढलंय, अ‍ॅडमिट केलंय, तू लवकर आलीस तर बरं. तिने त्यांना फोन द्यायला सांगितलं. मी म्हटलं, आयसीयूत मोबाईल चालत नाही. सोमवारी रात्रीच्या विमानाचं तिकीट मी काढलं होतं, चेन्नईमार्गे, मंगळवारी सकाळी पुण्यात. इंद्रजीतला मी खरं सांगितलं होतं आणि गप्प राहायची शपथ घातली होती. त्याने अनुराधापूरहून विमानतळापर्यंत गाडी ठरवून दिली. चार-साडेचार तासांचा रस्ता, बावीस हजार त्यांचे रुपये, उतरताना ड्रायव्हरला द्यायचे. मी आईला विचारलं, पैशाचं काय करशील? ती म्हणाली, "ह्यांचं कार्ड आहे की माझ्याकडे. वाटेत काढीन." हे मी ऐकलं. ऐकून बरं म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सव्वादहाला बँकेत गेलो.

यावर काय बोलायचं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं म्हणता येईल, पण मला तर उलट वाटत होतं की माझं एकट्याचंच ठिकाणावर आहे. अर्ज सुवाच्य लिहिला होता. 'माझे वडील कै. वैजनाथ सोनकांबळे यांचे दिनांक अमुक रोजी निधन झाले असून...' सोबत दवाखान्याचा दाखला, पासबुक, चेकबुक. काउंटरवरच्या अक्षता मॅडम आबांना ओळखत होत्या, त्यांचे डोळे भरले. त्यांनी विचारलं, एटीएम कार्ड? मी म्हटलं, घरी असेल कुठेतरी, आणून देतो. घर म्हटल्यावर डोळ्यांसमोर आबांचं कपाट आलं, आईची पर्स आली नाही. मॅडमनी दोन-चार कळा दाबल्या, पोच दिली, आणि म्हणाल्या, इतक्या लवकर कुणी येत नाही हो. मला त्याचा अभिमान वाटला. खरंच वाटला.

बाहेर पडून मी तनुजाच्या यादीप्रमाणे पांढरं कापड घ्यायला गेलो. बारा वाजून दहा मिनिटांनी माझ्या खिशात आबांचा मोबाईल वाजला. दुकानदार कापड फाडत होता. मेसेज बँकेचा: आपल्या कार्डावरील व्यवहार नाकारण्यात आला आहे. मी तो दोनदा वाचला. दोन मिनिटांनी दुसरा आला. मग पाचेक मिनिटं काहीच नाही, आणि मग तिसरा. आई एका मशीनकडून दुसऱ्या मशीनकडे चालत गेली असणार, मधला वेळ तेवढाच होता. मी दुकानदाराला पैसे दिले, सुटे मोजून घेतले, आणि बाहेर फुटपाथवर येऊन उभा राहिलो.

अक्षता मॅडमना फोन लावला. दोन तासांसाठी खातं उघडता येईल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या की मृत अशी नोंद झाली की इथून मागे फिरवता येत नाही, आणि येत असती तरी त्यांनी फिरवली नसती. मग त्यांनी विचारलं, "पण सर, मृत्यूनंतर कार्ड वापरायला बघतंय कोण?"

आबांनी आयुष्यभर ज्या लोकांच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्यात आता आईचं नाव लागलं होतं, आणि ते मी लावलं होतं. मी सांगितलं की आई आहे, श्रीलंकेत आहे, तिला माहीत नाही. त्या म्हणाल्या, अहो, मग त्यांना सांगा ना. सरकारी उत्तरांची सवय झालेल्या माणसाला असं साधं उत्तर पटत नाही. मी फोन ठेवला.

इंद्रजीतचा फोन लागत होता पण तो उचलत नव्हता. त्या दिवशी त्यांची मिहिंतलेची टेकडी होती, हजारावर पायऱ्या. मग कारखान्यातल्या एका मित्राला विचारलं. त्याने कॅम्पातलं पैसे परदेशी पाठवण्याचं एक दुकान सांगितलं. तिथला माणूस फोनवर फार अदबीने बोलला. त्याला माझं पॅन हवं होतं, आईचं पासपोर्टवरचं नाव हवं होतं, एक सही केलेला फॉर्म हवा होता, आणि पैसे उद्या दुपारपर्यंत नक्की, असं तो म्हणाला. उद्या सकाळी अकरालाच आबांचा अंत्यविधी होता. माझं स्वतःचं कार्ड माझ्या खिशात होतं, त्यात पैसे होते, आणि ते इथून तिथे पोचवायची सोय नव्हती. घरातल्या घरात मी दहा रुपयेही मोबाईलवरून पाठवतो. आईच्या मोबाईलवर तसलं काही नको, फसवतात, असं आबांचं म्हणणं होतं.

घरी आलो. धोंडिबाकाका उदगीरहून रात्रीच्या गाडीने आले होते, दारातच खुर्ची टाकून बसलेले. त्यांचा तोच विषय. "बॉडी किती येळ ठिवनार हाय, आनंदा? वैनीला काय, फोटो दावता येतो." मी म्हटलं, उद्या अकराला. ते म्हणाले, बँकेत जायला टाइम हाय तुला. तनुजाने मला आत ओढलं.

एकला दहा मिनिटं असताना इंद्रजीतचा फोन आला. चपला आणि पिशव्या पायथ्याशी ठेवल्या होत्या, मोबाईल त्यातच राहिला होता, म्हणून माफी मागत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, एवढंच ना दादा, ड्रायव्हर आपल्याच एजंटचा आहे, भाडं मी देतो, आणि हातखर्चाला पाच हजार मावशींना द्यायला सांगतो त्याला. चहाचं बिल कुणी द्यायचं, इतक्या सहज. पाच मिनिटांनी त्याचा मेसेज आला: झालं, मावशींनी पैसे घेतले. मी आबांच्या पलंगावर बसलो. दोन दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली. निभावलं, असं मला वाटलं. कार्ड बिघडलं, मशीन परदेशी, असं होतं कधीकधी, असं तिला वाटेल, ती विमानात बसेल, आणि उद्या सकाळी मी तिचा हात धरीन.

सव्वा वाजता आबांचा मोबाईल वाजला. मेसेज नव्हता, फोन होता. पडद्यावर 'सत्यशीला', आईचं नाव. तिने माझ्या नंबरावर केला नव्हता. मी उचलला. पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता. मग मीच म्हटलं, आई, पैसे मिळाले ना?

ती म्हणाली, मिळाले. मग तिने मला सावकाश सगळं सांगितलं, चूक शोधताना आबा सांगत तसं. पिन बरोबर टाकला होता. शनिवारी ह्याच पिनने पैसे निघाले होते. पहिल्या मशीनने नाही म्हटलं म्हणून तिने परत एकदा केलं, मग रस्ता ओलांडून दुसऱ्या बँकेच्या मशीनवर गेली. तिथून एक चिठ्ठी निघाली. ती इंग्रजीत होती, तिने ड्रायव्हरला दाखवली. त्याला मोडकंतोडकं हिंदी येतं. तो म्हणाला, अम्मा, मशीन ठीक है, पैसा भी होगा, आपका बँक बोलता है ये खाता बंद.

"खातं बंद कोण करतं, आनंद?" आईने विचारलं.

मी म्हटलं की काहीतरी तांत्रिक असेल.

"चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून जेवलेय मी. तांत्रिक मला सांगू नकोस." तिचा आवाज चढला नव्हता. "आज सोमवार. बँक दहाला उघडते. तू गेला होतास ना?"

मी हो म्हटलं.

"पोच घेतलीस?"

"घेतली."

"बरं केलंस. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं." मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, मोठा, बसचा असावा. "बँकेला कळवलंस. मला नाही कळवलंस."

मी म्हणणार होतो की तुझ्या काळजीपोटी. म्हणणार होतो की तू एकटी होतीस, परका देश होता, तुला काही झालं असतं तर. ही वाक्यं माझ्याकडे कालपासून तयार होती. त्यांतलं एकही आता कामाचं नव्हतं. ती आत्ताही एकटीच होती, परक्या देशातल्या रस्त्याच्या कडेला, आणि तिला हे मशीनकडून कळलं होतं. मी तिला वाचवायला निघालो होतो, आणि जे टाळायचं तेच, त्याच जागी, माझ्याच हाताने घडवलं होतं. मला लाज वाटली. दोन दिवसांत आतपर्यंत काही पोचलं ते हे पहिलं.

"आता तू सांग," आई म्हणाली. "चिठ्ठीवर कळलं ते कळलं. तू तुझ्या तोंडाने सांग मला, नीट."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी अजून कुणालाच बोललो नव्हतो. अर्जात लिहिलं होतं. नातेवाइकांना तनुजाने फोन केले होते, विहारात शेजारच्यांनी सांगितलं होतं, इंद्रजीतलासुद्धा मी मेसेज पाठवला होता. मी आबांच्या पलंगावरून उठून उभा राहिलो. का उठलो ते माहीत नाही.

"आबा गेले, आई," मी म्हटलं. "काल पहाटे, साडेचारला. बाथरूममधून येताना पडले. मी पोचलो तेव्हा श्वास चालू नव्हता."

मग तिने विचारलं, ठेवलंय ना त्यांना? मी म्हटलं, ठेवलंय, तुझ्यासाठी थांबलोय, उद्या अकराला. तिने विचारलं, त्यांच्या अंगावर काय आहे? मी म्हटलं, दवाखान्याची चादर. ती म्हणाली, कपाटात खालच्या कप्प्यात पांढरा सदरा आहे, इस्त्री केलेला, बाहेरून नवं काही आणू नका. मी हो म्हटलं. आणलेल्या कापडाबद्दल काही बोललो नाही.

"मी गाडीत बसते आता," ती म्हणाली. "अजून दोन तास आहेत म्हणतो हा. मी बोलेन असं नाही. पण तू फोन ठेवू नकोस."

मी ठेवला नाही. आबांच्या मोबाईलची बॅटरी बारा टक्के होती. चार्जरची वायर आखूड, बटण भिंतीत खाली, म्हणून मी जमिनीवरच भिंतीला टेकून बसलो आणि फोन कानाला धरला. गाडीचं दार लागलेलं ऐकू आलं. मग इंजिन, मग रस्ता. ड्रायव्हरने गाणं लावलं होतं, आईने काही म्हटलं नाही, पण त्याने आपणहून ते बंद केलं. तनुजा दारात आली, मी तिच्याकडे पाहून मान हलवली, ती समजली आणि काकांना घेऊन बाहेर गेली. दोनदा आवाज तुटला आणि दोन्ही वेळा परत आला. दोन्ही वेळा आईने विचारलं, आहेस? मी म्हटलं, आहे.

अर्धा-पाऊण तास असाच गेला असेल. मग तिकडून आईच्या रडण्याचा आवाज आला, आधी दाबलेला, मग मोकळा. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली असावी, कारण रस्ता थांबला. मी तिला गप्प हो म्हटलं नाही. मलाही रडू आलं, आणि तेही मी तिला ऐकू दिलं.